एका गाण्याचे गायक

ज्या गायकाचे एकच गाणे अफाट गाजते आणि त्याआधीची किंवा नंतरची गाणी तेवढ्या श्रोत्यांपर्यंत कधीच पोहोचत नाहीत, त्याला संगीताच्या व्यवसायात ‘वन हिट वंडर’ म्हणतात. मराठीत अशा गायकांची परंपरा जवळपास ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. त्यांचे गाणे वरातीत वाजते, गणपतीच्या मिरवणुकीत वाजते, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर मुले नाचतात. गाणाऱ्याचे नाव मात्र दहापैकी दोघांनाही सांगता येत नाही. अशा गायकाच्या कारकिर्दीला साधारणपणे तीन टप्पे असतात: गाणे मिळेपर्यंतची अनेक वर्षे, गाणे गाजत असतानाचा थोडा काळ आणि त्यानंतरचे उरलेले आयुष्य. लोकांना दिसतो तो फक्त मधला टप्पा. पहिला आणि तिसरा नीट पाहिला, तर ‘एका गाण्याचा गायक’ ही ओळख गायकापेक्षा त्या काळातल्या साधनांनी आणि श्रोत्यांनी घडवलेली असते, हे लक्षात येते.

गोंधळ्याचे गाणे

ध्वनिमुद्रण येण्याआधी ही ओळखच शक्य नव्हती. ते समजून घ्यायला तुळजापूरसारखे दुसरे ठिकाण नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या या गावात तुळजाभवानीच्या दर्शनाला महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून भाविक येतात. देवीभोवती गाणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन जोगवा मागणारे आराधी आणि संबळ, तुणतुणे, झांज यांच्या साथीने देवीचा गोंधळ घालणारे गोंधळी ही त्यातली दोन मुख्य मंडळी. गोंधळ्यांत कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा मानतात. कदमराई तुळजाभवानीचे उपासक, तर रेणुराई माहूरच्या रेणुकेचे.

अनेक घरांत लग्नानंतर गोंधळ घालणे हा कुळाचार आहे. चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवतात. मग गोंधळ्यांचा नाईक गावोगावच्या देवदेवतांना आमंत्रण देतो. पूर्वरंगात गण आणि स्तवन होते, उत्तररंगात एखादे आख्यान रंगते आणि आरतीने रात्र संपते. एवढ्या रात्रीत एकच गाणे वेगळे उठून ‘गाजत’ नाही. गाणी पिढीजात असतात, त्यांचा कर्ता कोण हे कुणी विचारत नाही. गोंधळ्याचे नाव होते ते त्याच्या आवाजामुळे, संबळावरच्या हातामुळे आणि आख्यान रंगवण्याच्या कसबामुळे. बिदागीही संपूर्ण रात्रीच्या कामाची मिळते. इथे गाणे आणि गाणारा एकाच अंगणात हजर असतात. ऐकायचे असेल, तर त्याला बोलवावेच लागते.

ध्वनिमुद्रणाने ही गाठ सोडवली. गाणे गायकाशिवाय प्रवास करू लागले, आणि सबंध रात्रीतले तीन मिनिटांचे एक गाणे वेगळे काढून हजारो घरांत पोहोचू लागले.

तबकडी आणि रेडिओ

ग्रामोफोन कंपनीने भारतात ध्वनिमुद्रणाला 1902 मध्ये कोलकात्यात सुरुवात केली. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. मराठीत या मर्यादेला साजेसा प्रकार घडला तो भावगीताचा. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायली. ती इतकी लोकप्रिय झाली, की मेहकरचे हे कवी महाराष्ट्रभर ओळखले जाऊ लागले आणि मराठी भावगीताचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख अटळ झाला. जोशी यांनी वकिलीचे शिक्षण घेतले होते. त्या तबकडीच्या यशाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे 1938 मध्ये ते एचएमव्हीत रुजू झाले आणि अनेक थोर गायक-वादकांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या देखरेखीखाली झाले. गायक म्हणून मिळालेले यश त्यांनी ध्वनिमुद्रणाच्या कामात मुरवले.

रेडिओच्या काळातले सर्वांत परिचित उदाहरण ‘शुक्रतारा मंद वारा’ या युगुलगीताचे आहे. 1962च्या सुमारास मंगेश पाडगावकरांचे शब्द आणि श्रीनिवास खळे यांची चाल घेऊन हे गीत आले. त्यातले दोन आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. एकाच गाण्याने या दोघांना दोन अगदी वेगळ्या वाटांवर नेले.

दाते मूळचे इंदूरचे. घरात गाणे होते. वडील रामूभैया दाते रसिक म्हणून विख्यात होते. अरुण दाते यांनी मुंबईत वस्त्रोद्योगातले अभियांत्रिकी शिक्षण घेतले आणि अठ्ठावीस वर्षे त्या उद्योगात नोकरी केली. ‘शुक्रतारा’ गाजल्यावर त्यांनी नोकरी लगेच सोडली नाही. त्या गाण्याचेच नाव देऊन त्यांनी मैफलींचा कार्यक्रम उभा केला आणि त्याचे अडीच हजारांहून अधिक प्रयोग झाले. पाडगावकर, खळे आणि यशवंत देव यांच्याबरोबर त्यांनी पुढेही गाणी केली आणि त्यांतली अनेक घराघरांत पोहोचली. पहिले गाणे हे त्यांच्यासाठी दार ठरले. नोकरीच्या आधारामुळे त्या दारातून घाई न करता आत जाणे त्यांना जमले.

सुधा मल्होत्रा यांची कहाणी वेगळी आहे. जन्म 1936चा, दिल्लीचा. ‘आरजू’ या 1950 मधल्या चित्रपटात अनिल विश्वास यांनी त्यांना गायला लावले, तेव्हा त्या जेमतेम किशोरवयात होत्या. 1959च्या ‘दीदी’ या चित्रपटाचे संगीतकार मूळचे गोव्याचे एन. दत्ता होते. ते आजारी पडल्याने साहिर लुधियानवींच्या एका गीताला सुधाताईंनी स्वतः चाल लावली आणि मुकेश यांच्याबरोबर ते गायले. ‘तुम मुझे भूल भी जाओ’ हे ते गीत. त्यानंतर 1960 मध्ये ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिक्षेपकांच्या व्यवसायातल्या मोटवाने कुटुंबात त्यांचे लग्न झाले आणि त्या चित्रपटगायनापासून दूर गेल्या. 1982च्या ‘प्रेमरोग’मध्ये त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे मराठी श्रोत्यासाठी सुधा मल्होत्रा प्रामुख्याने एका गाण्याच्या गायिका आहेत. हिंदी श्रोत्याच्या आठवणीत त्यांचे दुसरेच गाणे आहे. चित्रपटसंगीताच्या अभ्यासकासमोर मात्र त्यांची दहा वर्षांची सलग कारकीर्द उभी राहते. तोच आवाज, तीच व्यक्ती. कोण कुठे उभे राहून ऐकते, त्यावर ‘एक गाणे’ ठरते.

प्रार्थना सर्वांच्या ओठी, गायिका अनोळखी

पालघर जिल्ह्यातल्या सातपाटी या मच्छीमारांच्या गावी जन्मलेल्या पुष्पा पागधरे यांनी मराठी भावगीते, भक्तिगीते आणि चित्रपटगीते गायली. त्यांचा आवाज देशभर पोहोचला तो 1986च्या ‘अंकुश’ या हिंदी चित्रपटातल्या प्रार्थनेमुळे. एन. चंद्रा यांचा हा पहिला चित्रपट. गीत अभिलाष यांचे, संगीत कुलदीप सिंग यांचे. पुष्पाताई आणि सुषमा श्रेष्ठ यांनी गायलेली ‘इतनी शक्ति हमें देना दाता’ ही प्रार्थना पुढे चित्रपटातून निघून शाळेच्या परिपाठात गेली, तिथून सभा-समारंभांत गेली.

एखादे गाणे प्रार्थना झाले, की त्याला गायक उरत नाही. ज्या शाळेत ती रोज म्हटली जाते, तिथल्या मुलांना ती कुणी गायली हे सहसा सांगितले जात नाही. कीर्ती गाण्याला मिळते, गायिकेपर्यंत येईतो ती विरून जाते. महाराष्ट्र शासनाने 2017 सालच्या लता मंगेशकर पुरस्कारासाठी पुष्पाताईंची निवड केली, तेव्हा ‘अंकुश’ला तीन दशके उलटून गेली होती.

कॅसेटचा काळ

1980च्या दशकात कॅसेट आली आणि तोवर एका मोठ्या कंपनीच्या हातात असलेला ध्वनिमुद्रणाचा धंदा छोट्या छोट्या कंपन्यांकडे पसरला. तबकडी बनवायला कारखाना लागे. कॅसेटच्या प्रती काढायला एक खोली आणि काही यंत्रे पुरत. त्यामुळे भक्तिगीते, भीमगीते, कोळीगीते, लोकगीते, विनोदी गाणी अशा तोवर तबकडीच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रकारांना बाजार मिळाला. हा बाजार शहरातल्या दुकानांपेक्षा एस. टी. स्टँडवर, जत्रेत आणि देवस्थानांच्या वाटेवर भरत असे. तुळजापूरला येणारा भाविक हळद-कुंकू, कवड्यांची माळ आणि देवीचा फोटो घेई, त्याच दुकानांच्या रांगेत देवीच्या गाण्यांची कॅसेटही मिळे. ती गावी जाई, नवरात्रात मंडपात वाजे.

याच काळात आनंद शिंदे यांचे ‘जवा नवीन पोपट हा’ हे गाणे महाराष्ट्रभर वाजले. वडील प्रल्हाद शिंदे विठ्ठलाच्या गाण्यांनी आणि भीमगीतांनी आधीच लोकांना परिचित होते. शिंदे कुटुंबाचे नाते मंगळवेढ्याशी, म्हणजे तुळजापूरच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्याशी. पोपटाचे गाणे असे चालले, की दुसऱ्या एखाद्या गायकाची ओळख तिथेच गोठली असती. आनंद शिंदे यांच्या पाठीशी कव्वाली, भक्तिगीत आणि भीमगीतांच्या कार्यक्रमांची घरची पेढी होती. गाणे जुने झाले तरी कार्यक्रम थांबले नाहीत. आज मुलगा आदर्श शिंदे याच्या रूपाने या घराण्याची तिसरी पिढी गाते आहे.

कॅसेटचा काळ ओसरत असताना, 2002 मध्ये, वैशाली सामंत यांचे ‘ऐका दाजीबा’ आले. संगीत अवधूत गुप्ते यांचे, निर्मिती सागरिका म्युझिकची. हिंदी पॉपच्या व्हिडिओंनी भरलेल्या संगीतवाहिन्यांवर हे मराठी गाणे दिसू लागले आणि ज्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता त्यांनीही त्यावर ठेका धरला. बिगरफिल्मी मराठी पॉपला एवढे यश त्याआधी मिळाले नव्हते. हे गाणे करणारे दोघेही तिथे थांबले नाहीत. गुप्ते संगीतकार, सूत्रसंचालक आणि ‘झेंडा’सारख्या चित्रपटाचे दिग्दर्शक झाले. सामंत पार्श्वगायनात रुळल्या. दूरचित्रवाणीवरच्या ‘लिटिल चॅम्प्स’मध्ये दोघेही परीक्षकाच्या खुर्चीत बसले.

पोपटाचे गाणे गाणारे आनंद शिंदे आणि दाजीबाला हाक घालणाऱ्या वैशाली सामंत 2006च्या ‘जत्रा’ चित्रपटात एकत्र आले. अजय-अतुल यांच्या संगीतातले ‘कोंबडी पळाली’ दोघांनी गायले, आणि तेही प्रचंड गाजले. पुढे याच चालीवर हिंदीत ‘अग्निपथ’मधले ‘चिकनी चमेली’ झाले. एका गाण्याच्या चौकटीतून बाहेर पडण्यासाठी दुसरे गाणे लागते, आणि दुसरे गाणे मिळण्यासाठी पहिल्याच्या यशाच्या दिवसांत पायाखाली दुसरी जमीन तयार असावी लागते, हे या दोघांकडे पाहून नीट कळते.

मोबाइलवरचे गाणे

मोबाइल आणि यूट्यूब आल्यावर गाणे गाजायला कंपनीचीही गरज उरली नाही. त्याबरोबर गायकाचे नाव मागे पडण्याचा वेगही वाढला. कॅसेटच्या वेष्टनावर निदान नाव आणि फोटो असे. डीजेच्या पेनड्राइव्हवर आणि तीस सेकंदांच्या चित्रफितीत तेवढेही नसते. 2015च्या सुमारास पुण्याच्या संजय लोंढे यांचे ‘शांताबाई’ गणेशोत्सवात आणि वरातींत धुमाकूळ घालत होते. नाचणाऱ्यांना शांताबाई ठाऊक होती, लोंढे फार थोड्यांना. 2017 मध्ये ‘सोनू, तुला माझ्यावर भरोसा नाय काय’ या गाण्याच्या असंख्य आवृत्त्या लोकांनी स्वतः केल्या. मुंबईत तर रस्त्यांवरच्या खड्ड्यांवर त्याचे विडंबन गाजले. विडंबनाची चर्चा इतकी झाली, की मूळ गाणे कुणाचे हा प्रश्नच मागे पडला.

छगन चौगुले यांचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. जसा देवीचा गोंधळ, तसे खंडोबाचे जागरण. अनेक घरांत लग्नानंतर दोन्ही होतात. चौगुले या जागरण-गोंधळाच्या परंपरेतले लोककलावंत. कुलदैवतांची गाणी आणि कथा सांगणाऱ्या त्यांच्या कॅसेट आणि सीडी ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे ऐकल्या जात होत्या. खंडोबा आणि बानूच्या लग्नाचे ‘नवरी नटली’ हे त्यांचे गाणे डीजेवर आणि मोबाइलवर आले, तेव्हा शहरांतल्या लग्नांतही ते वाजू लागले. शहराच्या लेखी चौगुले या एकाच गाण्याचे गायक झाले. गावच्या लेखी ते आधीपासूनच मोठे होते. 21 मे 2020 रोजी मुंबईतल्या सेव्हन हिल्स रुग्णालयात करोनाने त्यांचे निधन झाले. अनेकांना त्या गाण्यामागचे नाव त्या दिवशीच्या बातमीतून पहिल्यांदा कळले.

याच मोबाइलने कडूबाई खरात यांना मात्र हात दिला. छत्रपती संभाजीनगरच्या वस्तीत राहून एकतारीवर गात पोट भरणाऱ्या कडूबाईंची डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरच्या एका गाण्याची चित्रफीत हातोहात पसरली. त्यांना महाराष्ट्रभरातून कार्यक्रमांची आमंत्रणे येऊ लागली. फरक एवढाच, की त्या चित्रफितीत गाणारी बाई, तिची एकतारी आणि तिचा चेहरा समोर होता. गाण्यासोबत माणूसही पोहोचला.

जगातही हेच

1996 मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेले ‘माकारेना’ गाणाऱ्या ‘लोस देल रिओ’ या स्पॅनिश जोडीला जग एका गाण्यापुरते ओळखते. ही जोडी 1962पासून गात होती. म्हणजे ते गाणे जगभर पोहोचेपर्यंत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ आपल्या मुलखात गाऊन काढला होता. दक्षिण कोरियाच्या साय या गायकाच्या ‘गंगनम स्टाइल’ने डिसेंबर 2012 मध्ये यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिले गेलेला पहिला व्हिडिओ होण्याचा मान मिळवला. कोरियात तो 2001पासून नामवंत आहे. कोरियाबाहेर बहुतेकांना त्याचे दुसरे गाणे आठवत नाही. सुधा मल्होत्रा आणि छगन चौगुले यांच्याबाबत मराठी श्रोत्याने जे केले, तेच जगाने या दोघांबाबत केले.

पैसा कुणाचा

गाणे गाजले म्हणजे गायक श्रीमंत झाला, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. एका गाण्यात अनेक हक्क गुंतलेले असतात. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा ते काढणाऱ्या निर्मात्याचा किंवा कंपनीचा. ध्वनिमुद्रणाचा हा हक्क भारतात प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. गायकाला पूर्वी बहुधा ठरलेली रक्कम एकदाच मिळे. मग गाण्याच्या दहा प्रती खपोत वा दहा लाख. 1957च्या मूळ कॉपीराइट कायद्यात गायकाच्या सादरीकरणाला वेगळा हक्क नव्हता. 1994च्या दुरुस्तीने तो आला. 2012च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या स्वामित्वधनात कलाकाराच्या वाट्याची तरतूद झाली आणि 2013 मध्ये हे पैसे गोळा करण्यासाठी इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन ही गायकांची संस्था उभी राहिली.

कायदा आला तरी लोककलावंताची अडचण पुरती सुटलेली नाही. पारंपरिक गाण्याला कर्ता नसतो, म्हणून शब्द-चालीचा हक्क कुणाचाच नसतो. छोट्या कंपनीशी झालेला व्यवहार अनेकदा तोंडी असतो. गावच्या मंडपात किंवा मिरवणुकीत वाजलेल्या गाण्याची नोंद होत नाही. शारदीय नवरात्रात गावोगावची तरुण मंडळे तुळजापूरला येऊन भवानी ज्योत घेतात आणि ती पायी धावत आपल्या गावी नेतात. सोबतच्या वाहनावर वाटभर देवीची गाणी वाजत असतात. त्या गाण्यांचा एक रुपयाही गाणाऱ्यापर्यंत जाण्याची व्यवस्था नाही. गायकाची खरी मिळकत आजही जुन्या गोंधळ्यासारखीच प्रत्यक्ष कार्यक्रमातून होते: नवरात्र, गणेशोत्सव, जत्रा, जयंती, लग्नसराई. आवाज थकला किंवा 2020सारखे वर्ष आले, की ती बंद होते.

म्हातारपणासाठी राज्य शासनाची कलावंत मानधन योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले असून 2024पासून पात्र ज्येष्ठ कलाकारांना दरमहा 5,000 रुपये मिळतात. रक्कम मोठी नाही, तरी ज्याच्याकडे ना करार ना नोंद, त्या लोककलावंताला ती हक्काने मागता येते.

टिकतो कोण

या सगळ्या आयुष्यांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. ज्यांना गाण्याबाहेर आधार होता, ते टिकले. दात्यांना नोकरीचा होता, जोशींना ध्वनिमुद्रणाच्या कामाचा, शिंद्यांना घरच्या परंपरेचा. ज्यांनी गाजलेल्या गाण्याच्या नावाने प्रत्यक्ष कार्यक्रम उभा केला, त्यांचे गाणे त्यांच्याकडे परत येत राहिले. ज्यांचे गाणे प्रार्थना, वरात किंवा विडंबन होऊन सार्वजनिक झाले, त्यांच्याकडे ते क्वचितच परतले. दुसरे गाणे गाजले नाही म्हणजे गुण कमी पडला, असे यांपैकी एकाबद्दलही म्हणता येत नाही.

म्हणून नव्या गायकाने गाणे देण्यापूर्वी लेखी करार करावा, त्यात आपले नाव आणि वाटा नमूद करून घ्यावा आणि गायकांच्या संस्थेचे सभासद व्हावे. मंडळांनी आणि शाळांनी गाणे लावताना गायकाचे नाव जाहीर करावे. श्रोत्याने आवडलेल्या गाण्याखालचे नाव वाचून त्याच गायकाचे आणखी एक गाणे शोधून ऐकावे. बहुतेक वेळा ते तिथे असतेच.